टोकियो ते लॉस एंजेलिस: अंतर एकच, मग वेळ दोन का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोकियो ते लॉस एंजेलिस सुमारे ८,८०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. भागाकार केला तर दोन्ही दिशांना पावणेदहा तास यायला हवेत. प्रत्यक्षात जाताना दहा तास लागतात, येताना बारा. तिकिटावर तर संध्याकाळी पाचला निघून त्याच दिवशी सकाळी दहाला पोहोचल्याचं छापलेलं असतं. शिवाय अंतराचा आकडा जिथे पाहावा तिथे निराळा. यातलं खरं काय धरायचं?

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करतो आहे. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवायचं, हवामान तपासायचं आणि उड्डाणाचा आराखडा कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे आमचं काम. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे, आणि उत्तर जरा लांबलं तरी पूर्ण देतो.

तुमचा भागाकार बरोबर आहे, भाज्य चुकलं आहे. दोन शहरांमध्ये एक अंतर नसतं, तीन असतात. पहिलं पृथ्वीच्या गोलावरचं. दुसरं, विमान ज्या मार्गाने जातं त्या मार्गाचं. तिसरं, विमानाला हवेतून कापावं लागतं ते. इंधन आणि वेळ ठरते तिसऱ्या अंतरावरून, आणि तेच नेमकं कुठल्याही नकाशावर दिसत नाही.

आधी पहिलं बघू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर टोकियो आणि लॉस एंजेलिस जवळपास एकाच अक्षांशावर दिसतात, ३५ अंश उत्तरेच्या आसपास. पट्टी ठेवली तर रेघ पॅसिफिकच्या मधोमध आडवी जाते. त्या रेघेवरून, म्हणजे कायम त्याच अक्षांशाने गेलात, तर अंतर ९,३०० किलोमीटरच्या जवळ भरतं. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही शहरांवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो, ४८ अंशांपर्यंत चढतो आणि अल्यूशियन बेटांच्या थोडं खालून जातो. या दोऱ्याची लांबी ८,८०० किलोमीटर. यालाच बृहद्वृत्तावरचं अंतर म्हणतात. सीटसमोरच्या पडद्यावर विमान कमानीसारखं वर जाताना दिसतं तेव्हा ‘वळसा का घालतंय?’ असं अनेकांना वाटतं. वळसा सरळ रेघेचा आहे, कमान जवळची आहे. गोल पृथ्वी कागदावर सपाट केली की ही उलटापालट व्हायचीच.

मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे का? याची तीन साधी कारणं आहेत. काही हिशेब पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल मानून केलेले असतात. खरी पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दुसरं कारण, कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून, आणि नारिता हा विमानतळ टोकियोच्या मध्यापासून साठेक किलोमीटर दूर आहे. तिसऱ्या कारणाने मात्र लोक खरोखर फसतात. विमानवाहतुकीतला मैल हा सागरी मैल असतो, १.८५२ किलोमीटरचा, आणि रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. हेच अंतर आमच्या कागदावर ४,७६० मैल असं येतं. ते वाचून कुणी १.६ ने गुणलं तर उत्तर ७,६०० च्या आसपास येतं आणि हजारभर किलोमीटर कुठे गेले ते कळत नाही. कुठेही मैलांमध्ये आकडा दिसला तर आधी तो कुठला मैल हे बघा.

दुसरं अंतर मार्गाचं. बृहद्वृत्तावरून तंतोतंत उडालेलं लांब पल्ल्याचं विमान मी क्वचितच पाहिलं आहे. विमानतळावरून बाहेर पडण्याची आणि आत येण्याची वाट ठरलेली असते. वर हवाई मार्ग असतात, लष्करी क्षेत्रं टाळायची असतात. दोन इंजिनांच्या विमानाला शिवाय ईटॉप्सचा नियम लागू होतो: एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठराविक मिनिटांच्या आत कुठला ना कुठला योग्य विमानतळ गाठता आला पाहिजे. उत्तर पॅसिफिकवर म्हणूनच आमच्या आराखड्यात अलास्कातलं अँकरेज, अल्यूशियनच्या टोकाशी असलेलं कोल्ड बे, महासागराच्या मध्यावरचं मिडवे ही नावं येतात. तिथे उतरण्याची वेळ बहुधा येत नाही, पण तिथलं हवामान आणि धावपट्टी आम्ही रोज बघतो. मिडवेवर हवा बिघडली की टोकियोच्या विमानाची रेघ नकाशावर हलू शकते.

याच पट्ट्यात ज्वालामुखी आहेत. १५ डिसेंबर १९८९ ला ॲमस्टरडॅमहून अँकरेजमार्गे टोकियोला निघालेलं एक जंबो जेट अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ती पुन्हा सुरू करून विमान अँकरेजला सुखरूप उतरवलं. राखेचा इशारा आला की आज आम्ही मार्ग लांब करतो आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही.

आणि देशांच्या सीमा. हेलसिंकी ते टोकियो हे उड्डाण सायबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तेच उड्डाण एकदम तेरा तासांच्या घरात गेलं, कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून. शहरं जागच्या जागी आहेत, गोलावरचं अंतर एक मीटरनेही बदललेलं नाही. जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. सोव्हिएत आकाश बंद होतं त्या काळात युरोपातून टोकियोला जाणारी विमानं ध्रुवाकडून येऊन अँकरेजला इंधन भरत. कोपनहेगनहून तसं नियमित उड्डाण १९५७ मध्ये सुरू झालं होतं.

आता तिसरं अंतर, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. वाहत्या नदीत पोहणाऱ्याचा विचार करा. तो हात तितक्याच जोराने मारतो, पण प्रवाहाबरोबर असेल तर काठावरची झाडं भराभर मागे जातात आणि प्रवाहाविरुद्ध असेल तर तीच झाडं हटता हटत नाहीत. विमान हवेच्या नदीत पोहत असतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत ही नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तीच जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक जितका तीव्र, तितका हा प्रवाह जोरदार, म्हणून हिवाळ्यात तो सर्वांत वेगवान असतो. त्यातही जपानवरचा हिवाळी प्रवाह जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी. त्याच्या गाभ्यात वारा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

हा प्रवाह सापडला तोही जपानातच. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून, ते दुर्बिणीतून न्याहाळत वरच्या वाऱ्यांची मोजमापं घेतली. आपलं काम जगाने वाचावं म्हणून त्याने अहवाल एस्परांतो भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो जगाने फारसा वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावर पोहोचली तेव्हा त्या वैमानिकांना हा वारा अंगावर घ्यावा लागला. ओइशीची ती मोजमापं मला फार मोलाची वाटतात. आज माझ्या पडद्यावर वाऱ्याचे जे बाण उमटतात त्यांची सुरुवात त्या फुग्यांपासून आहे.

आता हिशेब करू. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, पण हिवाळ्यातल्या एखाद्या दिवसाला शोभतील असेच. टोकियोहून पूर्वेकडे जाताना आम्ही मुद्दाम जेट स्ट्रीममध्ये शिरतो. त्यासाठी मार्ग थोडा वाकवावा लागला आणि अंतर ८,९०० किलोमीटर झालं असं धरा. वाटेत सरासरी पाठीमागचा वारा, म्हणजे टेलविंड, ताशी १२० किलोमीटर. जमिनीच्या सापेक्ष वेग झाला १,०२० आणि वेळ ८ तास ४४ मिनिटं. तेवढ्या वेळात विमानाने हवेतून कापलेलं अंतर सुमारे ७,८५० किलोमीटर.

परत येताना तोच प्रवाह छातीवर घ्यायचा नाही म्हणून आम्ही उत्तरेकडून, अलास्काच्या बाजूने वळवून आणतो. मार्ग ९,१०० किलोमीटरचा झाला. तरीही सरासरी समोरचा वारा, हेडविंड, ताशी ८० उरला. जमिनीवरचा वेग ८२० आणि वेळ ११ तास ६ मिनिटं. हवेतलं अंतर सुमारे १०,००० किलोमीटर.

म्हणजे विमानाच्या दृष्टीने टोकियोहून लॉस एंजेलिस ७,८५० किलोमीटरवर आहे आणि लॉस एंजेलिसहून टोकियो १०,००० किलोमीटरवर. तुम्ही दोन्हीकडे ८,८०० घेतलं, तिथेच गणित अडलं.

नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी परतीच्या उड्डाणासाठी सर्वांत जवळचा मार्ग निवडला होता आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटतही नव्हतं. शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काही न बोलता दुसरा आराखडा काढला, ३०० किलोमीटर लांबचा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. लांबच्या मार्गाला वेळही कमी होता आणि इंधनही कित्येक टनांनी कमी. त्या दिवसापासून मी आधी वारा बघतो आणि मग नकाशा.

याचं सर्वांत मोठं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाचं हे थेट उड्डाण सुरू झालं तेव्हा ते अटलांटिकवरून, पश्चिमेकडे जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच उलटवली आणि पॅसिफिकवरून पूर्वेकडे गेले. मार्ग हजार किलोमीटरहून जास्त लांबला, सुमारे १५,३०० किलोमीटर झाला, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं. जुन्या मार्गाला सोळा तासांहून जास्त लागायचे. पश्चिमेला जाताना वाऱ्याशी झगडावं लागायचं, पूर्वेला जाताना वारा हात देत होता.

लंडन–न्यूयॉर्कचंही तसंच. न्यूयॉर्कहून लंडनला नेहमी साडेसहा-सात तास लागतात. ९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटिकवरच्या वादळामुळे प्रवाह इतका जोरात होता की एक ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० च्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण आजूबाजूच्या हवेच्या दृष्टीने ते रोजच्याच वेगाने उडत होतं.

जाताना वाचलेला वेळ येताना गेला, म्हणजे फिटंफाट, असं समजू नका. ५,५०० किलोमीटरचा मार्ग, विमान ९०० चं आणि वारा १०० चा घ्या. जाताना ५ तास ३० मिनिटं, येताना ६ तास ५२ मिनिटं, मिळून १२ तास २२ मिनिटं. वारा अजिबात नसता तर १२ तास १३ मिनिटं लागली असती. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडतं. मार्ग दोन्हीकडे तोच ठेवला तर वारा फेरीमागे काहीतरी घेतोच. मार्ग वेगळे निवडून ते नुकसान भरून काढणं हाच आमचा रोजचा खटाटोप. म्हणून अटलांटिकवरचे मार्ग रोज दोनदा नव्याने आखले जातात: पश्चिमेकडे जाणारे दिवसाचे मार्ग आयर्लंड-ब्रिटनच्या बाजूचं शॅनविक केंद्र आखतं, पूर्वेकडे जाणारे रात्रीचे कॅनडातलं गँडर. पॅसिफिकवरही मार्गांची अशीच रोज बदलणारी मांडणी असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या लोकांकडूनही ऐकू येतो. ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली शहर स्वतःहून जवळ येतं’, असं सांगितलं जातं. तसं असतं तर टोकियोला जाताना वेळ कमी लागला असता. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमानही निघण्याआधी त्याच वेगाने फिरत असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवाटेने: त्या फिरण्यामुळे वारे वळतात आणि जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. उत्तर-दक्षिण प्रवासात हे लगेच पटतं. लंडन–जोहान्सबर्ग ९,००० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्ही दिशांना अकरा तासांच्या आगेमागे लागतात.

विमानाच्या वेगाबद्दल थोडंसंच. लांब पल्ल्याची विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवरच्या उणे ५५ अंशांच्या थंडीत तो ताशी ९०० किलोमीटर भरतो. लहान विमानं ०.७८ च्या आसपास, म्हणजे ८३० किलोमीटर. ‘उशीर झालाय, वैमानिक वेग वाढवून भरून काढेल’ ही आशा फार धरू नका. ०.८५ वरून ०.८६ केलं तर दहा तासांत सात-आठ मिनिटं वाचतात, आणि इंधन जास्त जळतं ते वेगळंच.

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते, हेही ध्यानात ठेवा. विमान गेटपासून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची ती वेळ, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि खाली येताना कमी असलेला वेग, उतरल्यावर गेटपर्यंतचा प्रवास, हे सगळं मिळून चाळीसेक मिनिटं जातात, मोठ्या गर्दीच्या विमानतळावर जास्त. शिवाय कंपन्या थोडी मोकळीक राखून वेळापत्रक छापतात. वरच्या हिशेबातले ८ तास ४४ मिनिटं तिकिटावर साडेनऊ-दहा होतात आणि ११ तास ६ मिनिटं पावणेबारा-बारा, ते असे.

आता संध्याकाळी पाचला निघून सकाळी दहाला पोहोचण्याचं कोडं. दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्या थेट वजा करायच्या नाहीत. आधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत आणा. टोकियो त्या वेळेच्या ९ तास पुढे, म्हणजे संध्याकाळचे ५ म्हणजे सकाळचे ८. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणजे सकाळचे १० म्हणजे संध्याकाळचे ६. आठ ते सहा, दहा तास. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे तारीख तीच राहिली. परतीला उलट: सकाळी साडेअकराला निघालात आणि बारा तास उडालात तर टोकियोत दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेचार. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसचं घड्याळ एक तास पुढे जातं, जपानमध्ये तसं करत नाहीत, म्हणून तेच पाचचं विमान तेव्हा अकराला पोहोचलेलं दिसेल. प्रवास तेवढाच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क–लंडनमधला वेळेचा फरक पाचऐवजी चार तास असतो. त्या आठवड्यांत जोडविमान चुकल्याच्या तक्रारी मी दरवर्षी ऐकतो.

कुठल्याही दोन दूरच्या शहरांसाठी घरबसल्या अंदाज करायचा असेल तर मी असा करतो. गोलावरचं अंतर घ्यायचं, मार्गासाठी त्यात तीन ते पाच टक्के वाढवायचे, मोठ्या विमानासाठी ९०० ने भागायचं आणि चाळीस मिनिटं मिळवायची. मग दिशा बघायची. मध्य अक्षांशांत पूर्वेकडे जात असाल तर साधारण दहा टक्के कमी करा, पश्चिमेकडे जात असाल तर तेवढेच वाढवा. हिवाळ्यात दोन्हीकडे थोडं जास्त. उत्तर-दक्षिण असेल किंवा विषुववृत्ताजवळचं असेल तर काही करू नका. वाटेत एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर मात्र हा अंदाज विसरा आणि प्रत्यक्ष मार्ग पाहा.

पण पुढचं विमान पकडायचं असेल तर अंदाजावर जाऊ नका. विमानांचा थेट माग दाखवणाऱ्या ॲप्सवर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या दोन आठवड्यांत ते प्रत्यक्षात किती वाजता गेटला लागलं ते पाहा. जानेवारीत पश्चिमेकडे पॅसिफिक ओलांडत असाल तर टोकियोत पुढच्या विमानाआधी निदान तीन तास हातात ठेवा. पूर्वेकडे जाताना विमान अर्धा तास आधीही येऊ शकतं, फक्त गेट रिकामं नसेल तर तो अर्धा तास खाली थांबण्यात जातो.